फुकट फौजदार

दिवाळी झाली की व्हॉट्सॅपच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. "ट्रेल रनसाठी स्वयंसेवक हवेत. निसर्गाच्या सान्निध्यात एक सकाळ! टी-शर्ट, नाश्ता आणि प्रमाणपत्र. सायकल असेल तर उत्तम." यातल्या शेवटच्या चार शब्दांवर माझा राग आहे आणि आज तो सविस्तर काढणार आहे. शनिवारी सकाळी कुणाचा राग वाचायची इच्छा नसेल त्यांनी खुशाल चहा घ्यावा.

मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, साताऱ्याची हिल मॅरेथॉन २०१२ साली. तिथून धावण्याचं हे लोण पसरत पसरत आता आमच्या यवतमाळपर्यंत आलंय. आलं ते चांगलंच झालं. सागाच्या जंगलातल्या मुरमाड वाटा, मधूनच काळ्या मातीची वावरं, टेकड्या, तलाव, पळस. सह्याद्रीवाल्यांना वाटतं तितका हा जिल्हा सपाट आणि रखरखीत नाही. तर अशाच एका शर्यतीत मी सलग तीन हिवाळे सायकल पेट्रोल केलं. कुठली शर्यत ते सांगत नाही. नाव घेतलं की मुद्दा बाजूला राहतो आणि मानापमानाचा प्रयोग सुरू होतो.

आधी सायकल पेट्रोल म्हणजे काय ते सांगतो, कारण आयोजकांनाही ते नीट माहीत नसतं असा माझा अनुभव आहे. त्यांच्या डोक्यात चित्र असं असतं की चार पोरं सायकलवरून इकडून तिकडे फिरतील, टाळ्या वाजवतील, ड्रोनच्या शॉटमध्ये छान दिसतील. प्रत्यक्षात जंगलातल्या २१ किलोमीटरच्या वाटेवर सायकलवाला हा एकमेव माणूस असतो जो सगळीकडे पोचू शकतो. चारचाकी आत जात नाही. मोटरसायकल जाते, पण तिच्या धुराळ्यात नि आवाजात मागून कोण हाक मारतंय ते कळत नाही आणि पायवाटेवर ती धावणाऱ्याच्याच अंगावर जाते. पायी जाणारा स्वयंसेवक धावणाऱ्याला गाठणार कसा? सायकलवाला मात्र धावणाऱ्याच्या वेगाने शेजारून जाऊ शकतो, दोन मिनिटं गप्पा मारू शकतो. आणि त्या दोन मिनिटांत त्याने बघायचं असतं की समोरचा सरळ उत्तर देतोय का, घाम येतोय का, पाय नीट पडतोय का. टाळ्या वाजवायला लोक गावात भरपूर असतात हो.

याचे काही अलिखित नियम आहेत. मागून येताना दुरूनच आवाज द्यायचा, "दादा, उजवीकडून येतोय". घंटी वाजवायची नाही, माणूस दचकून पाय मुरगाळून घेतो. उतारावर ओव्हरटेक नाही. चढावर उतरून सायकल ढकलायची, कारण तिथे धावणारेही चालतच असतात. एक सायकल शर्यतीच्या अर्धा तास पुढे, वाट तपासत आणि उडालेल्या फिती पुन्हा बांधत. एक सायकल सर्वात शेवटच्या माणसाच्या मागे, आणि तो शेवटचा माणूस कितीही हळू चालला तरी त्याच्या पुढे जायचं नाही. मधल्या सायकलींनी आपापला तीन-चार किलोमीटरचा पट्टा सोडायचा नाही. प्रत्येकाकडे दोन जादा ट्यूब, कारण सराट्याचे आणि बाभळीचे काटे टायर बघूनच वाढतात अशी माझी खात्री आहे. आमच्या धंद्यात याला ऑन-कॉल म्हणतात. ऑन-कॉलवाल्याकडे पेजर असतो, कुणाला उठवायचं त्याची यादी असते, काय बिघडलं तर काय करायचं याचं पान लिहिलेलं असतं. इथे असतो टी-शर्ट. तोही एक्सएलच उरलेला.

आता मूळ भांडण. माझं म्हणणं असं अजिबात नाही की सायकल पेट्रोलला पैसे द्या नाहीतर मी येणार नाही. फुकट काम करण्याला माझी ना नाही, सेवा हा आपल्याकडे मोठा शब्द आहे आणि वारीत पाणी वाटणाऱ्याला कुणी पगार विचारत नाही. भांडण असं आहे की फुकट या शब्दाचा अर्थ आयोजकांनी "तयारी नको" असा लावून घेतलाय. माणूस फुकट आलाय ना, मग त्याला शिकवायला वेळ कशाला घालवा? वॉकीटॉकी कशाला? आदल्या दिवशी वाट कशाला दाखवा? तीनही वर्षं मला जे ब्रीफिंग मिळालं ते पहाटे पाच वाजता, डीजेच्या आवाजात, साडेचार मिनिटांचं होतं. त्यातली दोन मिनिटं टी-शर्ट कुठे मिळेल यावर.

काय शिकवायला हवं होतं? एकच उदाहरण घेऊ, ऊन. लोकांना वाटतं विदर्भातलं ऊन म्हणजे मे महिना. पण धावणाऱ्या माणसाचं शरीर स्वतःच भट्टी असतं. जानेवारीच्या शेवटी सकाळी दहानंतर, वारा पडलेल्या एखाद्या खोलगट भागात, हौसेने जास्त जोरात पळलेल्या माणसाच्या शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर जाऊ शकतं. मग तो असंबद्ध बोलायला लागतो, चिडतो, झिंगल्यासारखा चालतो. याला श्रमाने येणारा उष्माघात म्हणतात आणि यात जगभरच्या डॉक्टरांचा नियम एकच आहे: आधी थंड करा, मग हलवा. शक्य असेल तर बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवा. अर्ध्या तासाच्या आत शरीर थंड झालं तर माणूस बहुधा वाचतो. आणि आपल्याकडे सगळ्यांची पहिली प्रतिक्रिया काय असते? "गाडी बोलवा, दवाखान्यात न्या." जंगलातून यवतमाळच्या मेडिकल कॉलेजपर्यंत जाण्यात तो अर्धा तास कधीच संपलेला असतो.

दुसरी प्रतिक्रिया म्हणजे पाणी पाजणे. "पाणी प्या, पाणी प्या" करत प्रत्येकाच्या तोंडाला बाटली लावणारा स्वयंसेवक सर्वांना फार प्रेमळ वाटतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं गेलं. तो अभ्यास २००५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. त्यातल्या १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम सामान्य पातळीच्या खाली उतरलेलं होतं, आणि त्यात मोठा वाटा होता गरजेपेक्षा जास्त पाणी पिण्याचा. त्याच शर्यतीत २८ वर्षांची एक मुलगी याच कारणाने गेली. म्हणजे न शिकवलेलं प्रेमही घातक असतं. हे शिकवायला फार तर एक संध्याकाळ लागते. टब लागतो, बर्फ लागतो. दोन्ही यवतमाळच्या बाजारात मिळतं.

गेल्या वर्षी माझ्याच पट्ट्यात, चौदाव्या किलोमीटरच्या आसपास, एक जण तुरीच्या बांधावर बसलेला दिसला. नाव विचारलं तर नंबर सांगितला. नंबर विचारला तर "बस कितीला आहे" म्हणाला. मोबाइलला रेंज नाही, वॉकीटॉकी दिलेलाच नव्हता. अँब्युलन्स एकच होती आणि ती फिनिश लाइनला उभी होती, कारण तिथे पाहुणे होते आणि बॅनर होता. मी त्याला बाभळीच्या विरळ सावलीतून ओढून विहिरीजवळच्या आंब्याखाली नेलं. वावरात तूर सोंगत असलेलं जोडपं धावत आलं. मोटर लावा म्हटलं तर काका म्हणाले, "लाईन कुठं हाय बाप्पा, लाईन तं रातच्याले येते." मग दोर आणि बादली. काकांनी खांद्यावरचा दुपट्टा ओला करून त्याच्या डोक्याला गुंडाळला, काकू पदराने वारा घालत होत्या, आणि मी एकामागून एक बादल्या ओतत होतो. वीस मिनिटांनी त्याने स्वतःचं नाव सांगितलं. बायकोचं नाव सांगितलं. मग माझ्यावर चिडला की बूट ओले केले. त्या बुटांची किंमत मला माहीत आहे, बारा हजार. (चिडला तेव्हा मला खरोखर हायसं वाटलं.)

दुपारी सत्कार झाले. त्यात डीजेवाल्याचं नाव होतं, ड्रोनवाल्याचं होतं. त्या जोडप्याचं नव्हतं. आयोजकांना मी स्वतः जाऊन सांगितलं, तर उत्तर आलं, "हो का? अरे वा. पण सगळं सुरळीत झालं ना?"

"सुरळीत झालं ना" हेच ते वाक्य. आमच्याकडे सर्व्हर पडता पडता वाचला तर दुसऱ्या दिवशी मीटिंग होते, का पडत होता ते लिहून काढतात, पुढच्या वेळी काय बदलायचं ते ठरतं. इथे माणूस पडता पडता वाचतो आणि त्याला सुरळीत म्हणतात.

एखाद्याला वाटेल मी राईचा पर्वत करतोय. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. १७२ जण धावायला उतरले. दुपारी वादळी वारा, गारा आणि गोठवणारा पाऊस आला. गरम जॅकेट जवळ बाळगणं सक्तीचं नव्हतं, आणि ज्या उंच टप्प्यावर लोक अडकले तिथे मदत पोचायला रस्ताच नव्हता. २१ जण मेले, त्यात चीनचे नावाजलेले अल्ट्रा धावपटू होते. आता माझ्या मुद्द्याची गोष्ट: त्या डोंगरावर सहा जणांना कुणी वाचवलं? झू केमिंग नावाच्या मेंढपाळाने. तो मेंढ्या घेऊन तिथे होता, त्याला गुहा माहीत होती, त्याने तिथे शेकोटी पेटवली आणि एकेकाला आत आणलं. आयोजकांच्या नकाशावर तो माणूस नव्हताच.

आपल्या नकाशावरही तो नाही. शर्यतीची वाट ज्या गावांच्या शिवारातून जाते तिथल्या लोकांना आपण त्या दिवशी काय देतो? पाच तास वाट बंद, आणि शाळेतल्या पोरांना झेंडे हलवायला उभं करून एकेक बिस्किटचा पुडा. पण वाटेची खरी माहिती कुणाकडे असते? दुसऱ्या वर्षी मी पुढची सायकल होतो. पहाटे एका वळणावर म्हातारे गुराखी बाबा आडवे आले. "अबे पोट्टेहो, इकून नोका जाऊ. डुकरासाठी तारेत करंट सोडला हाय त्या वावरात, अजून काढला नसन." रानडुकरांपासून पीक वाचवायला कुंपणात वीज सोडतात, हे बेकायदेशीर आहे आणि विदर्भात सर्रास चालतं. यात वाघ मेलेत, माणसंही मेलीत. जीपीएसच्या रेषेत ती तार दिसत नाही. मी फिती काढून वाट नाल्याच्या पलीकडून वळवली आणि पहिला धावणारा तिथे पोचेपर्यंत तिथेच उभा राहिलो. कुंपण का लावतात यावर शहरी नाक मुरडू नये, एका रात्रीत अख्खं वावर साफ झालेलं ज्याने पाहिलंय त्यालाच ते कळतं. पण शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी त्या बाबांना सोबत घेऊन वाट चालायला कुणाच्या बापाचं काय जात होतं?

आणि वाघ. यवतमाळ म्हटलं की बाहेरच्यांना आत्महत्या किंवा वाघ, दोनच आठवतात. टिपेश्वर अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचं, म्हणजे वाघाच्या हिशोबाने एवढंसं. तिथला 'वॉकर' जून २०१९ मध्ये निघाला आणि शेताशिवारातून, रस्ते ओलांडत, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. पट्टा होता तोवर त्याची एकूण चाल सुमारे ३००० किलोमीटर भरली. इतकं अंतर, मेडल नाही :-). तेव्हा "आमची वाट अभयारण्यात नाही" या वाक्याला फार अर्थ नाही. राळेगाव-पांढरकवडा भागात १३ माणसांच्या मृत्यूंशी जिचं नाव जोडलं गेलं ती अवनी नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली. त्या दोन वर्षांत तिथल्या लोकांनी एकट्याने शेतात जाणं सोडलं होतं, दिवस मावळायच्या आत घरी येत होते. अशा जिल्ह्यात आपण काळोखात, पहाटे साडेपाचला, कानात इयरफोन घातलेल्या माणसांना एकेकटं जंगलात सोडतो. का? तर पुण्या-मुंबईला साडेपाचला सोडतात म्हणून.

इथे एक खरी अडचण आहे, ती लपवत नाही. उजाडल्यावर सोडायचं म्हटलं तर त्या दिवसांत पावणेसात-सात होतात, आणि मग हळू धावणारा दहा-साडेदहाच्या उन्हात सापडतो. लवकर सोडलं तर अंधार, उशिरा सोडलं तर ऊन. याचं उत्तर सरळ आहे पण कुणाला आवडत नाही: अंतर कमी करा. यवतमाळच्या जंगलात पन्नास किलोमीटर ठेवण्याची गरज नाही. पंधरा ठेवा, माणसं दोनशे घ्या, उजाडल्यावर सोडा. पोस्टरवर 'अल्ट्रा' लिहिता येणार नाही हे मान्य.

सायकलवाल्यांकडून काय होऊ शकतं याचा नमुना बघायचा तर टोकियोला बघावा. तिथल्या मॅरेथॉनमध्ये एईडी, म्हणजे बंद पडलेलं हृदय झटका देऊन सुरू करणारं यंत्र, पाठीवर घेऊन सायकलवर फिरणारी पथकं असतात, आणि त्यात प्रशिक्षित विद्यार्थी असतात. २००९ साली तिथे एक प्रसिद्ध विनोदी नट धावता धावता कोसळला, हृदय थांबलं, आणि एईडीमुळे तो वाचला. हिशोब साधा आहे. हृदय थांबल्यावर झटका मिळायला जो एकेक मिनिट उशीर होतो त्यात वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. लंडनच्या अँब्युलन्स सेवेने २००० सालापासून सायकलवरचे पॅरामेडिक ठेवलेत, गर्दीत गाडीच्या आधी सायकल पोचते म्हणून. तिथे कुणी "सायकल असेल तर उत्तम" म्हणत नाही.

"पण आमच्याकडे कुठून आणणार अशी पोरं?" हा प्रश्न मला प्रत्यक्ष विचारला गेलाय. यवतमाळमध्ये राहून हा प्रश्न विचारायला विशेष नजर लागते. पहाटे पाचला कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर जा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी घोळक्याने पळताना दिसतील, काही अनवाणी. मानव विकासच्या सायकलींवरून रोज शाळेत जाणाऱ्या मुली दिसतील, आणि आपल्यातल्या गिअरवाल्या सायकलपटूंपेक्षा त्या मुरमाच्या वाटेवर सफाईने सायकल चालवतात. या पोरांना दोन दिवसांचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण द्या, हृदय दाबायला शिकवा, उष्माघात ओळखायला शिकवा, त्या दिवसाचे रोख पैसे द्या. हो, पैसे. मी शहरातून येतो तेव्हा माझी रविवारची सकाळ जाते. त्यांची रोजी जाते. मी फुकट करतो ती सेवा, त्यांच्याकडून फुकट करून घेतली तर ती वेठबिगार.

शिवाय हे शिक्षण त्यांना स्वतःसाठीच लागणार आहे. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत उन्हात पाच किलोमीटर पळताना किमान चार तरुण मेले, मग अंतर कमी केलं गेलं. २०२४ साली झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीत, दहा किलोमीटरच्या धावण्याच्या चाचणीत, दहाहून जास्त उमेदवार गेले. आपल्याला धावताना केळी, मीठ, फिजिओ आणि टाळ्या लागतात. त्यांना धावताना नोकरी लागते, आणि त्यांच्या बाजूने सायकल चालवायला कुणी नसतं.

खर्चाचं रडगाणं मला पाठ आहे. मेडलचा खर्च, टी-शर्टचा खर्च, स्टेजचा, साउंडचा. मग वॉकीटॉकीपाशी आलं की बजेट संपतं. लाखाच्या आसपास येणारं एईडी तर कुणी यादीतही धरत नाही. बारा हजारांचे बूट घालून येणाऱ्याला शंभर-दीडशे रुपये शुल्क वाढलं तर तो यायचा थांबेल, हे मला पटत नाही. थांबला तर थांबला. आणि सगळ्यांकडून सही करून घेतात तो "माझ्या जिवाची जबाबदारी माझी" वाला कागद. एक तर तो कुणी वाचत नाही. आणि तो कागद घडी करून कितीही वारा घातला तरी माणूस थंड होत नाही.

यंदाचा मेसेज गेल्या आठवड्यात आला. मी उत्तरादाखल एक पानभर लिहून पाठवलं: आदल्या संध्याकाळी गुराखी बाबांसोबत वाट चालणे, सुरुवात उजाडल्यावर, सहा सायकली, सहा वॉकीटॉकी, त्यातला एक टेकडीवर, दोन ठिकाणी बर्फाचा टब, अँब्युलन्स फिनिशला नाही तर मधल्या डांबरी रस्त्यावर, गावातली दहा पोरं रोजीने, प्रशिक्षणाला मी येतो आणि ओळखीचा एक डॉक्टर येतो. एवढं झालं तर चौथ्या वर्षीही फुकट येईन. नाही झालं तर त्या रविवारी माझी सायकल दारव्हा रोडला असेल.

दोन निळ्या टिका आल्यात. उत्तरात एवढंच आलंय: "भाऊ टी-शर्ट साइज?"